चिनी गल्लीतील घर : हडसन टेलर ह्यांचे चरित्र

परक्या देशात जाऊन राहणाऱ्या मनुष्यापुढे पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. बिऱ्हाड कोठे करावे? आपली भाषा बोलणारी, आपल्यासारखे जेवणारी माणसे जेथे एकत्र राहतात तेथे, की ज्यांच्या देशात आपण आलो त्यांच्या शेजारी? वरवर पाहता हा प्रश्न भाड्याचा आणि सोयीचा दिसतो. परंतु मनुष्याच्या घराला दार कोणत्या रस्त्यावर आहे ह्यावर त्या दारातून कोण आत येणार हे पुष्कळसे ठरत असते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी मिशनचा जुना बंगला पाहिला असेल. भोवती दगडी कुंपण, आत झाडांची गर्द सावली, पुढे रुंद ओसरी, आणि साहेबांची भेट व्हावी म्हणून त्या ओसरीच्या पायरीवर ताटकळत बसलेली माणसे. असे बंगले चीन देशातही होते. त्या बंगल्यांतून बाहेर पडून चिनी लोकांच्या गल्लीत राहावयास गेलेले जेम्स हडसन टेलर ह्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म २१ मे १८३२ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील बार्न्स्ली ह्या गावी झाला. वडील औषधांचे दुकानदार असून मेथॉडिस्ट मंडळीत उपदेशही करीत. आईचे माहेरचे आडनाव हडसन. तेच मुलाच्या नावात आले. वयाच्या सतराव्या वर्षी ह्या मुलाने आपले जीवन प्रभूला वाहिले, आणि थोड्याच काळात चीनला जावयाचे हा त्याचा निश्चय ठरून गेला.

वैद्यकी शिकण्यासाठी ते हल नावाच्या बंदरी एका डॉक्टरांच्या हाताखाली राहिले. तेथे प्रथम काही दिवस ते मावशीच्या घरी होते. घर चांगल्या वस्तीत, जेवणखाण उत्तम. परंतु चीनमध्ये मावशीचे घर मिळणार नव्हते. म्हणून १८५१ सालच्या अखेरीस त्यांनी ते घर सोडले आणि ड्रेनसाइड नावाच्या गरीब वस्तीत एक खोली घेतली. नावाप्रमाणे ती वस्ती एका घाणेरड्या पाटाच्या काठी होती. भाडे आठवड्याला तीन शिलिंग. जेवण बहुधा ओटची पेज आणि भात. जे पैसे वाचत ते शेजारच्या दरिद्री लोकांना जात. एकोणीस वर्षांच्या तरुणाचा हा थोडासा हट्टच होता असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदी खोटे नाही. तथापि कोठे राहावयाचे हे आपण आपल्या कामासाठी ठरवावे, सुखासाठी नव्हे, हा धडा त्यांनी समुद्र ओलांडण्यापूर्वीच गिरवला होता.

१९ सप्टेंबर १८५३ रोजी लिव्हरपूलहून त्यांचे गलबत निघाले आणि १ मार्च १८५४ रोजी ते शांघाय येथे उतरले. त्या वेळची चीनमधील स्थिती सांगितल्यावाचून पुढील हकिगत कळणार नाही. अफूच्या युद्धात चीनचा पराभव झाल्यावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला, आणि कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरे इंग्रजांना उघडी करण्यात आली. ह्या पाच ठिकाणी गोऱ्या लोकांनी राहावे, व्यापार करावा. त्यापलीकडे देशात घर करण्याचा त्यांना हक्क नव्हता. शांघाय येथे चिनी शहर तटबंदीच्या आत होते, आणि त्याच्या उत्तरेला नदीकाठी इंग्रजांची स्वतंत्र वसाहत उभी राहिली होती. त्यांचा कॉन्सल, त्यांच्या पेढ्या, त्यांचे देऊळ, इतकेच काय तर घोड्यांच्या शर्यतीचे त्यांचे मैदानसुद्धा त्या वसाहतीत होते. तेथे राहणारा इंग्रज वर्षानुवर्षे चीनमध्ये राहूनही चिनी मनुष्याच्या घराचा उंबरठा न ओलांडता स्वदेशी परत जाऊ शके.

टेलर उतरले त्या वेळी तटाच्या आतील शहर बंडखोरांच्या ताब्यात असून बादशाही फौजेने त्याला वेढा घातला होता. आश्रयासाठी लोक वसाहतीकडे धावत होते, त्यामुळे घरांची भाडी अतोनात वाढली होती. ज्या सोसायटीने टेलर ह्यांना पाठवले होते तिने त्यांच्या राहण्याची काहीच व्यवस्था केली नव्हती. वर्षाला ८० पौंड तेवढे ठरवले होते, आणि इतक्यात तेथे भागणे शक्य नव्हते. लंडन मिशनच्या आवारात डॉक्टर लॉकहार्ट ह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ह्या सज्जनांचे व त्यांच्या सोबत्यांचे उपकार टेलर ह्यांच्यावर मोठे होते, आणि आवारात राहणारे ते सर्व आळशी किंवा ऐषआरामी होते असे कोणी समजू नये. त्यांच्यात मेडहर्स्टसारखे वृद्ध विद्वान होते, ज्यांनी बायबलाच्या चिनी भाषांतरासाठी आयुष्य वेचले होते. पण परक्याच्या अन्नावर महिनोन्महिने राहणे टेलर ह्यांना जड जाऊ लागले.

म्हणून १८५४ च्या ऑगस्टअखेर ते आवाराबाहेर पडले, आणि उत्तर दरवाजाजवळ चिनी वस्तीत एक घर त्यांनी भाड्याने घेतले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चरित्रे लिहिणाऱ्यांना मोह होतो की प्रत्येक पावलामागे मोठे तत्त्व दाखवावे. हे पहिले पाऊल प्रामुख्याने गरिबीमुळे पडले. वसाहतीतील भाडे परवडत नव्हते, चिनी वस्तीतील परवडत होते. घर बारा खोल्यांचे, पण मोडकळीस आलेले आणि धुळीने भरलेले. तेथे त्यांनी लहानशी शाळा काढली, औषधे देण्यास आरंभ केला, आणि चिनी भाषा पुस्तकातून शिकत होते ती आता दारात येणाऱ्या माणसांच्या तोंडून शिकू लागले.

परंतु ते घर दोन्ही सैन्यांच्या माऱ्यात होते. रात्री गोळे डोक्यावरून जात. शेजारचे घर पेटले. तीन महिने कसेबसे काढून नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांना मिशनच्या आवारात परत यावे लागले, आणि त्यानंतर थोड्याच काळात ते सोडलेले घर जळून जमीनदोस्त झाले. त्याच आठवड्यात इंग्लंडहून डॉक्टर पार्कर हे पत्नी व मुलांसह येऊन दाखल झाले, तेव्हा सर्वांना मिळून तीन खोल्यांत दाटीवाटीने राहावे लागले. पहिला प्रयत्न असा फसला.

तरी त्या तीन महिन्यांनी त्यांच्या मनात काही तरी रुजले होते. पुढील वर्षी नदी-कालव्यांतून होडीने आसपासच्या गावी उपदेशास जाताना एक अडचण त्यांच्या वारंवार लक्षात येई. लोक गर्दी करीत, पण ऐकण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. अशी गोष्ट सांगतात की एक मनुष्य फार एकाग्रतेने त्यांच्याकडे बघत होता. टेलर ह्यांना वाटले, हा वचन ऐकत आहे. शेवटी त्याने विचारले ते इतकेच की साहेबांच्या कोटाला पाठीमागे गुंड्या कशासाठी लावल्या आहेत. आमच्या उपदेशक बंधूंना बाजाराच्या दिवशी असा श्रोता भेटला नसेल असे नाही.

चिनी पोशाख करावा हा सल्ला टेलर ह्यांना वृद्ध मेडहर्स्ट ह्यांनीच दिला होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ऑगस्ट १८५५ मध्ये त्यांनी तो अमलात आणला. डोक्याचा पुढील भाग तासून काढला, उरलेले पिंगट केस काळे रंगवले, त्यांना चिनी पद्धतीची लांब वेणी जोडली, आणि अंगात साध्या चिनी गुरुजीसारखा सैल झगा घातला. वसाहतीत ह्या गोष्टीचा मोठा बोभाटा झाला. इंग्रज मनुष्याने जित लोकांचा वेष घ्यावा हे अनेकांना आपल्या सर्वांच्या अब्रूला लागलेला डाग वाटले. कित्येकांनी नाके मुरडली, आणि घरच्या माणसांनाही वाईट वाटले. उलट खेड्यांत काय झाले? लोक जवळ येऊन बसू लागले, मुले भिईनाशी झाली, औषधासाठी बायका येऊ लागल्या. ह्यात तोटाही होता. कोट-टोपीच्या मनुष्याला जो भीतियुक्त मान आपोआप मिळे तो आता मिळेना. चिनी झग्यातील गरीब गुरुजीला लोक गरीब गुरुजीप्रमाणेच वागवीत. टेलर ह्यांनी हा तोटा पत्करला. आमच्या मते ह्या देवघेवीतच त्यांच्या सर्व कार्याचे बीज आहे.

आता वेष पालटला, पण घर? त्याच वर्षी शरद ऋतूत यांगत्सी नदीच्या मुखातील चुंगमिंग बेटावर त्यांना एक घर मिळाले. तेथे दुसरा एकही गोरा मनुष्य नव्हता. सुमारे सहा आठवडे ते तेथे आनंदाने राहिले. मग त्यांच्या फुकट औषधांमुळे ज्यांचे गिऱ्हाईक तुटले होते अशा तेथील वैद्यांनी व औषधविक्यांनी कागाळी केली, आणि शांघायच्या ब्रिटिश कॉन्सलचा हुकूम आला: बेट सोडा, पुन्हा असे केल्यास ५०० डॉलर दंड. म्हणजे शेजाऱ्यांनी राहू दिले तरी स्वतःचे सरकार राहू देईना. इंग्रजांपासून दूर राहणे हे इंग्रज मनुष्याच्या एकट्याच्या इच्छेवर नव्हते, हे ह्यावरून कळते.

ह्या निराशेच्या दिवसांत विल्यम बर्न्स हे स्कॉटलंडचे प्रसिद्ध उपदेशक त्यांना भेटले. बर्न्स त्यांच्याहून सतरा वर्षांनी वडील. तरुण टेलरभोवती लोक शांतपणे बसतात आणि आपल्याभोवती नुसता गलका होतो, हे पाहून त्या वडील मनुष्याने आपलाही कोट उतरवून चिनी झगा घातला. मार्च १८५६ मध्ये दोघे दक्षिणेकडे स्वाटाव बंदरी गेले. तेथील इंग्रज व्यापारी गावापासून काही मैलांवर एका बेटावर राहत. अफू आणि मजुरांची ने-आण हा त्यांचा धंदा. त्या धंद्यामुळे गोऱ्या मनुष्याचे नाव काढताच गावकऱ्यांच्या कपाळाला आठी पडे. बेटावर ह्या दोघांना घर सहज मिळाले असते. परंतु त्या घरात राहून गावकऱ्यांना प्रभूचे प्रेम सांगावयाचे कोणत्या तोंडाने? त्यांनी गावातच एका उदबत्तीच्या दुकानावरील जागा घेतली. दुकानाच्या छताला भोक होते, त्यातून शिडीने वर चढावे लागे. वर चादरी व फळ्या लावून आडोसे केले होते. एवढेच त्यांचे घर, आणि टेलर ह्यांनी तेथील दिवस पुढे नेहमी कृतज्ञतेने आठवले.

१८५६ च्या ऑक्टोबरात ते निंगपो येथे आले. तेथेही परदेशी लोकांची बहुतेक घरे नदीच्या पलतीरी होती. टेलर ह्यांनी तटाच्या आत, पुलाजवळच्या रस्त्यावरील एका घराचा माळा घेतला. कौलांच्या फटींतून बर्फ आत येई. एका थंडीत सकाळी उठून त्यांनी पांघरुणावर साचलेल्या बर्फात बोटाने आपल्या नावाची अक्षरे काढली. खाली रस्त्याला लागून उपासनेची खोली होती. ह्या खोलीचे महत्त्व पुढील गोष्टीवरून दिसेल. नी नावाचा कापसाचा एक व्यापारी पुष्कळ वर्षे धर्माच्या शोधात होता, आणि बौद्ध मताच्या एका पंथात तो पुढारी म्हणून मानला जाई. तो ह्या सभेत येऊन बसला, त्याने वचन ऐकले, आणि तेथल्या तेथे उठून आपला विश्वास सर्वांसमक्ष बोलून दाखवला. पुढे त्याने टेलर ह्यांना विचारले की ही सुवार्ता तुमच्या देशात किती वर्षांपासून आहे. शेकडो वर्षांपासून, हे ऐकून तो थक्क झाला. त्याचा बाप हेच सत्य शोधता शोधता मरून गेला होता. इतक्या उशिरा का आलात, ह्या त्याच्या प्रश्नाला टेलर ह्यांच्याजवळ उत्तर नव्हते. हा प्रश्न त्यांच्या मनाला आयुष्यभर टोचत राहिला.

निंगपो येथेच त्यांची मेरिया डायर ह्यांच्याशी ओळख झाली. मेरिया ह्या मलाया देशात काम केलेल्या एका मिशनऱ्याच्या अनाथ कन्या. मिस ऑल्डर्सी ह्या बाईंच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवीत. १८४४ साली उघडलेली ही शाळा चीनमधील मुलींची पहिली मिशनरी शाळा होय. मिस ऑल्डर्सी ह्यांना हे लग्न मुळीच पसंत नव्हते. मुलगा दीक्षित नाही, त्याला पदवी नाही, पाठीशी भक्कम सोसायटी नाही, आणि वर डोक्याला वेणी! गोऱ्यांच्या लहानशा समाजात ह्या वेणीमुळे लग्न मोडण्याची वेळ आली होती. अखेर लंडनहून मेरियाच्या मामांची संमती आली आणि २० जानेवारी १८५८ रोजी विवाह झाला. नवरा-नवरीने संसार मांडला तो त्याच पुलाजवळच्या घरात, माळ्यावर खोल्या पाडून.

१८६० साली प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना स्वदेशी जावे लागले. लंडनमध्ये ते पूर्वेकडील गरीब वस्तीत राहिले, आणि त्यांच्या घरी वांग लायच्युआन नावाचे निंगपोचे एक ख्रिस्ती बंधू राहत होते. हे धंद्याने रंगारी. आता ते टेलर ह्यांच्यासह निंगपो बोलीतील नव्या कराराच्या दुरुस्तीस साह्य करीत. परदेशात घर कसे असते ह्याचा अनुभव आता वांग ह्यांनी घेतला! २५ जून १८६५ रोजी ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर टेलर ह्यांनी चीनच्या आतील प्रांतांसाठी कामकरी मागण्याची प्रार्थना केली, आणि दोन दिवसांनी दहा पौंड भरून चायना इनलँड मिशनचे खाते उघडले. बंदरांपलीकडे जावयाचे, चिनी पोशाखात राहावयाचे, ठरावीक पगाराचे वचन कोणाला द्यावयाचे नाही, असे त्या मिशनचे रूप होते.

२६ मे १८६६ रोजी लॅमरमूर जहाजातून टेलर कुटुंब व सोळा नवे कामकरी निघाले. सप्टेंबरअखेर शांघायला पोहोचल्यावर एका अमेरिकन बंधूने त्यांना आपल्या वखारीत उतरवून घेतले. पुरुषांनी डोकी तासली, स्त्रियांनी चिनी झगे घातले, आणि वसाहतीत पुन्हा हशा व टीका सुरू झाली. टेलर ह्यांना तेथे फार दिवस राहावयाचेच नव्हते. ही सर्व मंडळी होड्यांत बसून कालव्यांतून निघाली, वाटेत कित्येक गावी कोणी घर देईना, आणि नोव्हेंबरात हांगचौ शहरी एका जुन्या अंमलदाराचा अर्धवट पडलेला, तीसएक खोल्यांचा वाडा भाड्याने मिळाला.

ह्या वाड्यात जे घडले ते लिहिताना आम्ही जरा थांबतो, कारण अशा लेखांत ते बहुधा गाळले जाते. सोळा माणसे एका मताची नव्हती. लुईस निकोल हे स्कॉटलंडचे लोहार. त्यांना व त्यांच्या पत्नीला श्यावशान नावाच्या जवळच्या गावी नेमले होते. तेथे त्यांनी चिनी झगा टाकून इंग्रजी कपडे घातले. त्या कपड्यांतच आपले रक्षण आहे असे त्यांना वाटे. जानेवारी १८६७ मध्ये तेथील अधिकारी रात्री माणसे घेऊन आला आणि त्याने ह्यांना गावाबाहेर जाण्यास सांगितले. पण मार कोणी खाल्ला? त्यांच्याबरोबरचे चिनी उपदेशक त्स्यू ह्यांनी. अधिकाऱ्याने त्यांना शेकडो फटके मारविले. परक्याच्या कपड्यांनी परक्याचे रक्षण झालेही असेल. त्याच्या सोबत्याचे झाले नाही. टेलर ह्यांच्या मते इंग्रजी वेषाने हे संकट ओढवले, निकोल ह्यांना ते पटले नाही, भांडण वाढत गेले, आणि १८६८ मध्ये निकोल मिशनमधून दूर झाले. हांगचौ येथील दुसऱ्या मिशनच्या एका पाळकांचा आक्षेप निराळाच होता: अविवाहित तरुण स्त्रिया व पुरुष एकाच वाड्यात राहतात हे चिनी लोकांच्या दृष्टीला विपरीत दिसते. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा होता असे आम्हांस वाटत नाही. शेजाऱ्यांचे कपडे घेतले म्हणजे शेजाऱ्यांची मर्यादा आपोआप कळते असे नाही. ती वेगळी शिकावी लागते.

त्याच वाड्यातील जेनी फॉल्डिंग ही तरुणी मात्र ते लवकर शिकली. चिनी कपड्यांत ती एकटी गल्लीतील घरोघरी जाई, बायका तिला आपल्याजवळ बसवून घेत, आणि तिच्या ओळखीने त्या उपासनेला येऊ लागल्या. वांग लायच्युआन १८६७ साली हांगचौच्या मंडळीचे पाळक झाले. एका चिनी मंडळीवर चिनी पाळक, आणि तो पाळक असा की ज्याने इंग्रजांचे घर आतून पाहिले होते व ज्याला त्याचा दिपून जाण्यासारखा मोह उरला नव्हता. नव्याने विश्वासात आलेल्याने जुन्या वस्तीतच राहावे की मिशनच्या आवारात घर बांधावे, हा वाद आमच्याकडील मंडळ्यांना नवीन नाही. हांगचौच्या ख्रिस्ती लोकांपुढे तो फारसा आलाच नाही, कारण तेथे मिशनचे घर आधीच त्यांच्या गल्लीत होते.

गल्लीतील घराची किंमतही द्यावी लागली. २३ ऑगस्ट १८६७ रोजी टेलर ह्यांची आठ वर्षांची वडील मुलगी ग्रेस मेंदूच्या तापाने वारली. पुढल्याच वर्षी ते यांगचौ ह्या जुन्या श्रीमंत शहरी राहावयास गेले. परदेशी लोक मुले मारून खातात अशी अफवा तेथे उठवण्यात आली, आणि २२ ऑगस्ट १८६८ च्या रात्री हजारोंच्या जमावाने त्यांच्या घरावर हल्ला करून आग लावली. मेरिया ह्या त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना वरच्या मजल्यावरून उडी मारावी लागली. एका सोबत्याचा डोळा गेला. मग ब्रिटिश कॉन्सल लढाऊ जहाज घेऊन नानकिंगच्या सुभेदाराकडे गेला आणि त्याने नुकसानभरपाई मिळवली. हा कॉन्सल म्हणजे ज्या वृद्ध मेडहर्स्टनी चिनी पोशाखाचा सल्ला दिला त्यांचाच मुलगा! टेलर ह्यांनी जहाजे मागितली नव्हती, तरी १८६९ साली विलायतेत लॉर्डांच्या सभेत दोष त्यांच्यावर आला. ज्या झेंड्यापासून दूर जाऊन राहावे म्हणून त्यांनी इतके केले तो झेंडा मागोमाग चालत आला. मेरिया त्या वर्षीच्या नोव्हेंबरात यांगचौला परत गेल्या आणि तेथेच त्यांना मुलगा झाला. बाळंतपणासाठी जी बाई परत आपल्याच गावी येते ती आपल्याला भीत नाही व आपले वाईट चिंतीत नाही, हे शेजारणींना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

२३ जुलै १८७० रोजी मेरिया चिंक्यांग येथे वारल्या. वय ३३. त्यांचे नवे बाळ त्यापूर्वी थोडेच दिवस आधी गेले होते. पुढील वर्षी टेलर ह्यांनी जेनी फॉल्डिंग ह्यांच्याशी विवाह केला.

नंतरच्या तीस वर्षांत मिशन अकरा आतील प्रांतांत पसरले व कामकऱ्यांची संख्या शेकड्यांनी वाढली. तो इतिहास मोठा आहे. आपल्या विषयापुरत्या त्यातील दोन गोष्टी सांगतो. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १८८१ साली चेफू येथे समुद्रकाठी शाळा काढण्यात आली. तेथे सर्व शिक्षण इंग्रजी, खेळ इंग्रजी, वागणूक इंग्रजी. आईबाप दूर प्रांतांत चिनी झग्यात आणि मुले कुंपणाच्या आत लहानशा इंग्लंडात. आणि १८९० साली मिशनचे मुख्य घर उभे राहिले ते शांघायच्या परदेशी वसाहतीतच, कारण पैसे, टपाल आणि नवी माणसे ह्यांची व्यवस्था तेथूनच होऊ शकत होती. ज्या वसाहतीतून तरुण टेलर निघून गेले होते तिच्यावाचून त्यांच्या मिशनचेही पुरते चालले नाही. ही विसंगती खरीच आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

१९०० साली बॉक्सर लोकांच्या बंडात ह्या मिशनची ५८ मोठी माणसे व २१ मुले मारली गेली. चिनी पोशाखाने त्यांना वाचवले नाही, आणि हजारो चिनी ख्रिस्ती तर आपल्याच वेषात, आपल्याच गावात मारले गेले. टेलर त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये आजारी होते. बंड मोडल्यावर परदेशी सरकारांनी चीनकडून मोठी भरपाई वसूल केली. टेलर ह्यांच्या मिशनने जिवांबद्दल किंवा मालमत्तेबद्दल काहीही घेण्याचे नाकारले. यांगचौला लढाऊ जहाजाने मिळवलेल्या भरपाईची आठवण त्यांना राहिली असावी.

जेनी १९०४ साली वारल्या. पुढील वर्षी टेलर एकदा शेवटचे चीनला आले, आणि जो प्रांत परदेशी मनुष्याला सर्वांच्या शेवटी उघडा झाला त्या हुनानच्या चांगशा शहरी ३ जून १९०५ रोजी त्यांनी देह ठेवला. शवपेटी तेथील चिनी ख्रिस्ती बंधूंनी स्वतःच्या पैशाने घेतली. मिशनला त्यांनी ती घेऊ दिली नाही. नदीमार्गाने त्यांना चिंक्यांग येथे नेऊन मेरियाच्या शेजारी पुरण्यात आले. ते स्मशान परदेशी लोकांचे होते. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते उद्ध्वस्त झाले, थडग्याचा दगड कित्येक वर्षे एका वस्तुसंग्रहालयात पडून होता, आणि १९९९ साली टेलर ह्यांच्या पणतूच्या साह्याने तो पुन्हा उभा करण्यात आला, तो त्या गावच्या चिनी मंडळीच्या देवळात.